चौथ्या चालीचे प्यादे



स्मरणिका समितीने लेख मागवताना एक सवलत दिली होती. शाळेच्या आठवणीच लिहिल्या पाहिजेत असे नाही, ज्याला जे मनापासून आवडते त्यावर लिहा, असा निरोप होता. आठवणी लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. म्हणून मी गेली दोन वर्षे ज्यात रमले आहे, त्याचा इतिहास सांगते. बुद्धिबळात चौथ्या चालीला आपले एक प्यादे मुद्दाम मारू द्यायचे आणि त्या बदल्यात हल्ला चढवायचा, अशी एक सुरुवात आहे. तिचे नाव एव्हान्स गॅम्बिट. ती जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांनीही पुढे वाचावे; चार चाली समजल्या की बाकी सगळी माणसांचीच गोष्ट आहे.

मी ही सुरुवात शिकले ती माझ्या धंद्यातल्या सवयीने. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती एखादा जुना कोड आला की आम्ही आधी त्यातल्या बदलांची नोंद वाचतो. कोणती ओळ कुणी, कधी आणि कोणत्या अडचणीसाठी घातली हे कळले की कोड आपोआप उलगडतो. बुद्धिबळाची पुस्तके शेवटचे उत्तर आधी देतात आणि ते पाठ करायला सांगतात. मी उलट केले. सर्वांत जुन्या डावापासून सुरुवात केली आणि एकेक पिढी पुढे येत गेले.

आधी त्या शब्दाबद्दल. 'गॅम्बिट' हा शब्द बुद्धिबळात आणला रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने, १५६१ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात. मूळ इटालियन शब्द 'गाम्बेत्तो', म्हणजे पायात पाय घालून पाडणे. आपल्या भाषेत सांगायचे तर टांग मारणे. कुस्तीतही आपण 'डाव' म्हणतो आणि बुद्धिबळातही 'डाव'च म्हणतो, त्यामुळे हा शब्द आपल्याला परका वाटायचे कारण नाही. वर्तमानपत्रांतून गॅम्बिटबद्दल लिहिताना 'बलिदान' असा भारदस्त शब्द वापरतात. पण टांग मारणारा पैलवान बलिदान करत नसतो. तो क्षणभर एका पायावर उभा राहण्याचा धोका पत्करतो, कारण तेवढ्यात समोरच्याला पाडता येईल असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

आता त्या चार चाली. पांढरा आणि काळा दोघेही राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. पांढरा राजाच्या बाजूचा घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर नेम धरतो. काळा वजिराच्या बाजूचा घोडा काढून ते प्यादे राखतो. मग दोघेही राजाच्या बाजूचा उंट बाहेर काढतात. इथपर्यंत घोडे सोडले तर पट आरशात पाहिल्यासारखा दिसतो. या मांडणीला इटलीत 'शांत खेळ' असेच नाव आहे. आणि इथे चौथ्या चालीला पांढरा आपल्या वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवतो, थेट काळ्या उंटाच्या तोंडात.

उंट ते प्यादे खातो. पाचव्या चालीला पांढरा शेजारचे प्यादे एक घर पुढे करून पुन्हा त्याच उंटावर येतो. उंटाला परत हलावे लागते. म्हणजे काळ्याने एकाच उंटासाठी तीन चाली खर्च केल्या. पांढऱ्याचे ते दुसरे प्यादे आता मध्यभागी चाल करून जाण्यासाठी आधार म्हणून उभे आहे, आणि ते तिथे आणायला त्याला वेगळा वेळ द्यावा लागला नाही. शिवाय दिलेले प्यादे निघून गेल्याने पांढऱ्याच्या दुसऱ्या उंटाला एक लांब तिरकी वाट मोकळी होते. ती वाट काळ्या राजाच्या अगदी पुढ्यातून जाते आणि त्याच्या किल्लेकोटात अडथळा आणते. जुन्या खेळाडूंचा ढोबळ हिशेब असा होता की तीन चालींचा वेळ म्हणजे एक प्यादे. एव्हान्स गॅम्बिट हा त्याच दराने केलेला सौदा आहे: प्यादे द्यायचे, वेळ घ्यायचा.

जाता जाता एक गोष्ट. माझे आजोबा देशी पद्धतीने खेळत. तिच्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. त्या खेळात ही चौथी चाल शक्यच नव्हती. प्याद्याला पहिली उडी दोन घरांची मारू देणाऱ्या युरोपीय नियमातूनच ती जन्मली.

ही चाल शोधणारा कुणी पट्टीचा खेळाडू नव्हता. विल्यम डेव्हिस एव्हान्स हा वेल्समधला दर्यावर्दी, जन्म १७९०. आरमारातून तो टपालखात्याच्या बोटींवर आला आणि वेल्समधल्या मिलफर्ड हेवनपासून आयर्लंडमधल्या वॉटरफर्डपर्यंत टपाल नेणाऱ्या आगबोटीचा कप्तान झाला. १८२७ साली लंडनमध्ये त्याने ही चाल अलेक्झांडर मॅक्डॉनेलविरुद्ध वापरली, आणि तोच या गॅम्बिटचा पहिला डाव मानला जातो. मॅक्डॉनेल हा त्या काळचा मोठा खेळाडू. तो हरला. गंमत अशी की त्या डावात एव्हान्सने आधी किल्लेकोट केला होता आणि प्यादे पाचव्या चालीला दिले होते. ते चौथ्याच चालीला देण्याची पद्धत नंतर रुळली. १८३२ मध्ये विल्यम लुईसच्या पुस्तकात या चालीचे पहिले विश्लेषण छापून आले आणि टपालाच्या बोटीवरची ही कल्पना सगळीकडे पोचली.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबात मॅक्डॉनेल आणि फ्रान्सचा लुई दे ला बूर्दोने समोरासमोर बसले. सहा सामने, एकूण ८५ डाव. ला बूर्दोनेने ४५ जिंकले, मॅक्डॉनेलने २७, बाकीचे बरोबरीत सुटले. यातल्या अनेक डावांत एव्हान्स गॅम्बिट खेळले गेले, आणि ज्याला कप्तानाने या चालीने हरवले होते तो मॅक्डॉनेल आता तीच चाल दुसऱ्यावर वापरत होता. ला बूर्दोनेनेही ती उचलली. हे डाव आज आपल्याला खेळून पाहता येतात, कारण क्लबाचे वयस्कर चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर शेजारी बसून ते लिहून ठेवत होते. घड्याळ नव्हते, चालीला कितीही वेळ लागे. मॅक्डॉनेल पुढच्याच वर्षी वारला, ला बूर्दोने १८४० मध्ये. दोघेही लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत आहेत.

माझी शिकण्याची पहिली पायरी म्हणजे हे १८३४ चे डाव. त्यांतून एक गोष्ट लगेच कळते. प्यादे दिल्यावर पांढऱ्याला पुढच्या दहा चालींत काहीतरी करून दाखवावे लागते. वेळ ही उधारीवर मिळालेली वस्तू आहे आणि तिला मुदत असते. काळ्याने शांतपणे आपले मोहरे बाहेर काढले, किल्लेकोट केला, की मुदत संपली. त्यानंतर पटावर उरते ती एवढीच गोष्ट: तुमचे एक प्यादे कमी आहे.

दुसरी पायरी १८५२, बर्लिन. अडॉल्फ आंडरसन हा ब्रेस्लाउचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा, गणिताचा शिक्षक. आदल्याच वर्षी लंडनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आलेला. समोर ज्याँ डुफ्रेन. एव्हान्स गॅम्बिट. या डावाला पुढे 'सदाहरित डाव' असे नाव पडले. आंडरसनने एक घोडा दिला, दुसरा घोडा मारू दिला, मग हत्ती दिला, मग वजीर दिला, आणि चोविसाव्या चालीला मात केली. लोक तो वजीर लक्षात ठेवतात. मी हा डाव चार-पाच वेळा पटावर मांडल्यावर मला दुसरेच काही दिसले. शेवटची मात देतो तो उंट. अकराव्या चालीला पटाच्या कडेला येऊन बसलेला आणि तेव्हापासून जागचा न हललेला. तो ज्या तिरक्या वाटेने जाऊन मात करतो ती वाट चौथ्या चालीला दिलेल्या प्याद्यामुळे मोकळी झालेली असते. चौथ्या चालीला दिलेले चोविसाव्या चालीला वसूल झाले.

इथे आपल्या शाळेची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मधल्या सुट्टीत जे सर आपल्याला बुद्धिबळ शिकवत, त्यांचे एक वाक्य पटाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या कानात असेल: "प्यादं फुकट द्यायचं नाही." सर हा लेख वाचतील तेव्हा त्यांना वाटेल, ही मुलगी भलत्याच वाटेला लागली. पण सर, मी तुमच्या वाक्यातला नेमका शब्द धरून आहे. 'फुकट' द्यायचे नाही. आंडरसनने काहीही फुकट दिले नव्हते. आणि ज्यांनी फुकट दिले त्यांचे काय झाले, तोच या इतिहासाचा पुढचा भाग आहे.

आंडरसननंतर अमेरिकेच्या पॉल मॉर्फीने हे गॅम्बिट गाजवले. त्या काळात प्यादे दिले तर घेणे ही एक प्रकारची सभ्यता होती आणि बचाव करणे जरा कमीपणाचे. ही समजूत मोडायला निघाला विल्हेल्म स्टाइनिट्झ, पहिला अधिकृत जगज्जेता. त्याचे म्हणणे साधे होते. प्यादे हे प्यादे आहे. समोरचा देतो आहे तर घ्या, थोडा काळ अडचणीत बसा, नीट सांभाळा. त्याचा जोर ओसरला की तुम्ही जिंकाल. हे त्याने केवळ लिहिले नाही, स्वतःला पणाला लावून खेळून दाखवले.

त्याच्या विरुद्ध बसला रशियाचा मिखाइल चिगोरिन. १८८९ मध्ये हवानात जगज्जेतेपदाचा सामना झाला. पांढरे मोहरे हाती आले की चिगोरिन जवळजवळ प्रत्येक वेळी एव्हान्स गॅम्बिटच खेळला, आणि स्टाइनिट्झने प्रत्येक वेळी प्यादे घेतले. दोघांनाही एकमेकांचे म्हणणे पटावर खोडून काढायचे होते. सामना स्टाइनिट्झने जिंकला: दहा विजय, सहा पराभव, एक बरोबरी. पण एव्हान्सच्या डावांनी निकाल लागला असे कुणाला वाटेना. म्हणून १८९०-९१ मध्ये दोघांनी तारेने दोन डाव खेळले. स्टाइनिट्झ न्यूयॉर्कला, चिगोरिन सेंट पीटर्सबर्गला, चाली तारायंत्रावरून. त्यातला एक डाव ठरवूनच एव्हान्स गॅम्बिटचा होता, स्टाइनिट्झच्या पुस्तकातल्या बचावासह. त्या डावात सहाव्या चालीला बाहेर आलेला काळा वजीर तेराव्या चालीला पहिल्या ओळीत, राजाशेजारी, परत जाऊन बसतो; एक घोडाही पहिल्या ओळीत परत आलेला असतो आणि दुसरा पटाच्या कडेला. हातात मात्र एक प्यादे जास्त. चिगोरिनने तो डाव जिंकला आणि दुसराही.

हे डाव शिकताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. स्टाइनिट्झ तत्त्वाने बरोबर होता, हे आज सगळे मानतात. बचाव हा खेळाचा सन्माननीय अर्धा भाग आहे, हे जगाला त्याने शिकवले. तरी तारेवरचे दोन्ही डाव तो हरला, कारण त्याने ते प्यादे तत्त्व म्हणून धरून ठेवले. घ्यायचे ठीक, पण किती काळ धरून ठेवायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

ते उत्तर दिले इमॅन्युएल लास्करने. १८९४ मध्ये त्याने स्टाइनिट्झला हरवून जगज्जेतेपद घेतले आणि पुढची २७ वर्षे राखले. हा पेशाने गणिती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने एव्हान्सविरुद्ध जो बचाव रूढ केला, त्याचे सार एका ओळीत सांगता येते: प्यादे घ्या, आणि योग्य वेळी परत करा. काळा आपला उंट सुरक्षित घरी मागे घेतो आणि पांढऱ्याला म्हणतो, हवे तर तुझे प्यादे घेऊन जा. पांढऱ्याने ते घेतले तर वजिरांची अदलाबदल होते, प्यादी समसमान होतात, आणि हल्ल्याला कुणी उरत नाही. उरतो तो शेवटचा संथ खेळ. त्यात पांढऱ्याच्या वजिराच्या बाजूची दोन प्यादी एकमेकांपासून तुटलेली असतात, कारण त्यांच्यामधले प्यादे त्यानेच चौथ्या चालीला दिलेले असते. कर्ज वेळेआधी फेडले की सावकाराचे व्याज बुडते, तसा हा प्रकार. पांढऱ्याने नुसते प्यादे दिले नव्हते, आपल्या तटबंदीतला एक दगडही दिला होता, हे लास्करने दाखवले.

त्यानंतर मोठ्या स्पर्धांतून हे गॅम्बिट जवळजवळ दिसेनासे झाले. विसाव्या शतकात ते जुन्या पुस्तकांत, हौशी लोकांच्या पटावर आणि शाळकरी मुलांच्या हातात राहिले.

आता १९९५. आपली दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली होती आणि निकालाची वाट पाहत आपण आंबे खात होतो. त्या एप्रिलमध्ये लॅटव्हियातल्या रीगा शहरात मिखाइल ताल या दिवंगत जगज्जेत्याच्या स्मृतीत स्पर्धा झाली. गॅरी कास्पारोव्ह पांढरे मोहरे घेऊन बसला. समोर आपला विश्वनाथन आनंद, वय २५. त्याच वर्षी शरद ऋतूत न्यूयॉर्कला या दोघांचा जगज्जेतेपदाचा सामना व्हायचा होता. म्हणजे दोन्ही बाजूंची तयारी शिगेला पोचलेली. आणि चौथ्या चालीला कास्पारोव्हने घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे केले.

आनंदने प्यादे घेतले आणि उंट सरळ राजासमोर मागे आणला. भक्कम चाल. कास्पारोव्हने आठव्या चालीला वजीर मध्यभागी आणला, मग त्याला राजाच्या बाजूला वळवले आणि आनंदला किल्लेकोट करूच दिला नाही. पंचविसाव्या चालीनंतर आनंदने डाव सोडला. त्या वेळची मोजदाद पाहण्यासारखी आहे. आनंदकडे दोन प्यादी जास्त होती. बाकीचे मोहरे समसमान होते. पण त्याचे दोन्ही हत्ती एकदाही हलले नव्हते आणि राजा उघड्यावर होता. मालमत्ता अधिक, आणि ती वापरायला वेळ नाही. एका टपालबोटीच्या कप्तानाचा सौदा १६८ वर्षांनी जगातल्या दोन सर्वोत्तम खेळाडूंमध्ये पुन्हा लागू पडला.

आज माझ्या फोनमधला स्टॉकफिश हा प्रोग्राम कास्पारोव्हपेक्षा कितीतरी चांगला खेळतो. त्याला विचारले तर तो सांगतो की एव्हान्स गॅम्बिटमध्ये पारडे किंचित काळ्याकडे झुकते. किंचितच. दोनशे वर्षांत ही चाल कुणी मोडून काढली नाही आणि कुणी ती अजिंक्यही केली नाही. प्रोग्राम हे सांगताना एक गोष्ट मोजत नाही: त्याला घाई नसते आणि भीती नसते. माणसाला दोन्ही असतात. मुदत ही माणसासाठीच असते.

हे गॅम्बिट मी पंचेचाळिशीला आलेली असताना शिकले, याचा मला फायदाच झाला असे वाटते. १९९५ मध्ये आपल्याकडे वेळ भरपूर होता आणि बाकी काहीच नव्हते. तेव्हा कुणी 'प्यादे देऊन वेळ घे' म्हटले असते तर ते मला हास्यास्पद वाटले असते. आता आपल्यातल्या प्रत्येकाकडे थोडीफार प्यादी जमली आहेत: घर, हुद्दा, ठेवी. कुणी आईवडिलांसाठी बदली नाकारली आहे, कुणी बढती सोडून गावी परतले आहे. मी स्वतः गेल्या वर्षी पगार कमी करून आठवड्याचे चार दिवस काम करणे पसंत केले. पाचवा दिवस आईबरोबर जातो. नातेवाईक याला त्याग म्हणतात. मी त्यांना रुई लोपेझचा शब्द सांगते. हा हिशेब आहे, आणि आईचे वय पाहता त्यालाही मुदत आहे.

स्नेहमेळाव्याला मी पट घेऊन येते आहे. ज्यांनी आयुष्यात कधी बुद्धिबळ खेळले नाही त्यांच्यासाठी सोंगट्या मांडून ठेवीन, ज्यांनी खेळले आहे त्यांच्यासाठी घड्याळ. काळे मोहरे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवते: चौथ्या चालीला प्यादे येईल. घेतले तर स्टाइनिट्झसारखे धरून बसू नका, लास्कर आठवा. नको असेल तर उंट एक घर मागे घेऊन नम्रपणे नाकारायचीही सोय आहे, पुस्तकांत ती चाल पूर्ण सन्मानाने दिलेली आहे. आणि सर, पहिला डाव तुमच्याशी.